हिस्प्लिटची पारख : दूरवरून आलेल्या सल्फेटचा माग कुठवर लागतो

टेक्सासच्या पश्चिम भागात, रिओ ग्रांदे नदीच्या मोठ्या वळणात बिग बेंड राष्ट्रीय उद्यान आहे. जवळपास मोठे शहर नाही, मोठे धुराडे नाही, तरीही उन्हाळ्यापासून शरदापर्यंत काही दिवस असे येतात की नदीपलीकडच्या मेक्सिकोतील डोंगररांगा पांढुरक्या पडद्याआड जातात. त्या पडद्याचे रासायनिक पृथक्करण केले की त्यात मोठा वाटा सल्फेटचा, म्हणजे गंधकापासून बनलेल्या सूक्ष्म कणांचा, निघतो. ते तयार करणारे जवळ काहीच नसेल, तर ते आले कुठून, हा प्रश्न मग उभा राहतो. तो सोडवायला बसलेल्या माणसाच्या हाती बहुतेक वेळा सर्वांत आधी येणारे साधन म्हणजे अमेरिकेच्या नोआ या हवामान-संस्थेच्या हवाई संसाधन प्रयोगशाळेने तयार केलेले हिस्प्लिट, म्हणजे हवा कोणत्या वाटेने आली ते वाऱ्याच्या आकड्यांवरून काढून नकाशावर रेषेने दाखवणारे संगणकीय मॉडेल. पूर्ण नाव हायब्रिड सिंगल-पार्टिकल लॅग्रांजियन इंटिग्रेटेड ट्रॅजेक्टरी. पण या क्षेत्रात ते कोणी उच्चारत नाही.

गेली काही वर्षे मी हे साधन अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या खुल्या सल्फेट-नोंदींवर वापरत आले आहे. ते फुकट मिळते, आणि बहुधा म्हणूनच त्याची पारख कोणी फारशी करत नाही. चित्र उमटते, ते अहवालात चिकटवले जाते आणि चित्रातली रेषा ज्या कारखान्यावरून गेली तो कारखाना दोषी ठरतो. माझे मत आधीच सांगते. हवा कुठून आली हे सांगण्यात हिस्प्लिटला तोड नाही. सल्फेट कुठून आले, हा वेगळा आणि बराच अवघड प्रश्न आहे, आणि या दोन प्रश्नांमधले अंतर भरून काढण्याचे सगळे काम हे साधन वापरणाऱ्यावर सोपवते. पडद्यावर उमटणारी नीटस रंगीत रेषा मात्र त्या कामाची आठवणही करून देत नाही.

हे अंतर का पडते, ते सल्फेटच्या जन्मकथेत आहे. धुराड्यातून थेट सल्फेट फार थोडे बाहेर पडते. बाहेर पडतो तो मुख्यतः सल्फर डायऑक्साइड. उन्हात तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकांशी त्याची गाठ पडली की तो ताशी साधारण एक टक्का अशा मंद गतीने गंधकाम्लात आणि त्यातून सल्फेटमध्ये बदलतो. तोच वायू ढगाच्या थेंबात विरघळला आणि तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड उपलब्ध असले, तर तेच रूपांतर फार झपाट्याने होते. वायूचे आयुष्य एक-दोन दिवसांचे, तर त्यापासून बनलेल्या सल्फेट कणांचे सरासरी चार-पाच दिवसांचे. वारा सेकंदाला पाच मीटर या बेताच्या वेगाने वाहत असला तरी हवा दिवसाला ४३२ किलोमीटर जाते, म्हणजे पाच दिवसांत दोन हजार किलोमीटरांहून अधिक. वाटेत पाऊस लागला तर त्यातले बरेचसे धुऊन निघते आणि हवा रिकाम्या हाताने पुढे जाते. म्हणून एखाद्या मोठ्या औष्णिक केंद्रावरून आलेली हवा कधी सल्फेटने भरलेली असते, कधी जवळजवळ स्वच्छ. मार्ग तोच, माल वेगळा.

या कणांचा दृष्टीवर होणारा परिणामही त्यांच्या वजनाच्या प्रमाणात राहत नाही, कारण अमोनियम सल्फेट पाणी शोषते. अमेरिकेतील इम्प्रूव्ह या मोजणी-जाळ्याच्या मूळ सूत्रानुसार कोरड्या अमोनियम सल्फेटचा घनमीटरमागे एक मायक्रोग्रॅम प्रकाशाच्या क्षीणनात, म्हणजे वाटेत प्रकाश विखुरून किंवा शोषला जाऊन कमी होण्यात, ३ एकके भर घालतो, आणि हवा दमट होत गेली की हाच आकडा दुपटीवर, ९० टक्के आर्द्रतेच्या आसपास चौपटीहूनही वर जातो. पूर्ण स्वच्छ हवेचे स्वतःचे क्षीणन सुमारे १० एकके धरले, तर दृष्टी ३९० किलोमीटरपर्यंत पोचते. त्यात फक्त पाच मायक्रोग्रॅम अमोनियम सल्फेट मिसळले आणि आर्द्रतेने त्याचा परिणाम दुप्पट केला, तर एकूण क्षीणन ४० होते आणि दृष्टी ९८ किलोमीटरवर येते. डेसिव्ह्यू या मापात हा शून्यावरून जवळपास १४ वर गेलेला धूसरपणा आहे. एवढ्याशा कणांनी एवढा फरक पडतो, आणि ते कण शेकडो किलोमीटरांवरून आलेले असू शकतात, म्हणून त्यांचा माग काढण्याला महत्त्व आहे. १९७७ साली स्वच्छ हवा कायद्यात केलेल्या दुरुस्तीने अमेरिकेने आपल्या राष्ट्रीय उद्यानांतील आणि अरण्यांतील मानवनिर्मित धूसरपणा दूर करण्याचे ध्येय ठरवले, आणि १९९९ च्या प्रादेशिक धूसरता नियमाने अशा १५६ ठिकाणांसाठी, २०६४ पर्यंत नैसर्गिक स्थिती गाठण्याच्या हिशोबाने, राज्यांना आराखडे करायला लावले. राज्याच्या सीमेपलीकडून आलेला सल्फेट कोणाच्या खाती मांडायचा, हा प्रश्न त्यामुळे केवळ अभ्यासकांपुरता राहिला नाही.

आता साधनाकडे वळते. त्याचे मूळ फार जुने आहे. १९४९ साली सोव्हिएत संघाच्या पहिल्या अणुचाचणीचे किरणोत्सारी अवशेष कामचात्का द्वीपकल्पाजवळ टेहळणी विमानाला सापडले, तेव्हा अमेरिकेच्या हवामान खात्यातील एका छोट्या गटाने फुग्यांनी दिवसातून दोनदा मोजलेल्या वाऱ्यांवरून हवेचे मार्ग हाताने मागे मागे काढले होते. आजच्या संगणकीय मॉडेलचा वंश त्या कामापर्यंत पोचतो. पहिली आवृत्ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. रोलंड ड्रॅक्सलर हे त्याचे प्रमुख शिल्पकार, आणि पुढे दीर्घकाळ सर्वत्र वापरली गेलेली चौथी आवृत्ती १९९० च्या दशकात आकाराला आली. ज्वालामुखीची राख, वणव्यांचा धूर, किरणोत्सर्ग अशा अनेक कामांसाठी ते वापरले जाते; मी इथे फक्त सल्फेटपुरते बोलते.

ते दोन तऱ्हांनी मिळते. रेडी या नोआच्या संकेतस्थळावर काहीही न बसवता मार्गरेषा काढता येते: ठिकाण, तारीख, तास, उंची आणि दिवसांची संख्या भरायची, आणि थोड्याच वेळात नकाशा मिळतो. एकावेळी तीन उंचीपर्यंतच्या रेषा मिळतात. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. मात्र एका ऋतूतील सगळ्या दिवसांच्या, दर तीन तासांच्या, चार-पाच उंचींवरच्या रेषा हव्या असतील तर प्रोग्रॅम स्वतःच्या संगणकावर बसवावाच लागतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो चालतो. खिडक्यांची मांडणी जुन्या काळातली आहे आणि एका पर्यायाखाली दुसरा, त्याखाली तिसरा अशी शोधाशोध करावी लागते. पण आत सगळे काम साध्या मजकुरी फायलींनी चालते, ही त्याची मोठी ताकद आहे. कोणत्या मांडणीने कोणता निकाल आला, हे वर्षभरानंतरही फाइल उघडून वाचता येते, आणि आर किंवा पायथॉन या संगणकीय भाषांतून शेकडो धावा आपोआप करवून घेता येतात. दस्तऐवज सविस्तर आहेत, शिकवणीचे धडे चांगले आहेत. याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

खरा विचार करावा लागतो तो पहिल्या तीन निवडींचा: हवामानाचा डेटा कोणता, उंची किती, आणि वेळ कोणती.

डेटाचा मुद्दा आधी घेते, कारण मी पाहिलेल्या चुकांपैकी सर्वांत जास्त चुका इथेच होतात. हिस्प्लिट स्वतः वारा काढत नाही. दुसऱ्या मॉडेलने काढलेला वारा ते वाचते. १९४८ पासूनची पुनर्विश्लेषण मालिका, म्हणजे जुन्या नोंदींवरून मॉडेलने पुन्हा काढलेले हवामान, त्याला चालते आणि तिच्या फायली लहान असल्याने ती सोयीची वाटते, पण तिची जाळी अडीच अंशांची आहे, म्हणजे वाऱ्याचे आकडे अडीच-अडीच अंशांच्या अंतरावरच मिळतात. बिग बेंडपासून पूर्व-आग्नेयेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर, नदीच्या मेक्सिकोकडील बाजूला, कार्बोन ही दगडी कोळशावर चालणारी दोन मोठी औष्णिक केंद्रे आहेत. अडीच अंशांच्या जाळीत मोजणीचे ठिकाण आणि त्या भागातील सर्वांत मोठा संशयित स्रोत एकमेकांपासून जेमतेम एका चौकटीच्या अंतरावर येतात. अशा वाऱ्याने काढलेली रेषा त्या केंद्रावरून गेली की बाजूने, हे विचारण्यातच अर्थ उरत नाही. उत्तर अमेरिकेसाठी १९७९ पासूनची ३२ किलोमीटर जाळीची नार मालिका आणि २००७ पासूनचा १२ किलोमीटरचा नॅम डेटा हिस्प्लिटला लागणाऱ्या स्वरूपात उपलब्ध आहे. फाइल मोठी असली तरी तोच घ्यावा.

उंचीचे दुखणे यापेक्षा सूक्ष्म आहे. आपण ‘जमिनीपासून ५०० मीटर’ असे भरतो, पण ती जमीन खरी नसते, डेटाच्या जाळीतली असते. बिग बेंडच्या चिसोस डोंगरातील एमोरी शिखर २३०० मीटरांहून उंच आहे. सगळा डोंगरच काही दहा किलोमीटरांत मावतो, आणि एका अंशाच्या जाळीत तो सपाट होऊन जातो. त्यात भर म्हणून रात्री जमिनीलगतचा थर आक्रसतो आणि १०० मीटरवरची हवा एका दिशेने तर हजार मीटरवरची दुसऱ्याच दिशेने वाहते. अमेरिकेतील राज्यांच्या आराखड्यांत एकाच दिवसासाठी अनेक उंचींवरून रेषा सोडण्याची पद्धत रूढ झाली, ती याच कारणाने. एका उंचीची एक रेषा दाखवणारा नकाशा कोणी समोर ठेवला, तर मी आता त्यावर चर्चा करत नाही, आधी बाकीच्या रेषा मागते.

वेळेबाबतची चूक मी स्वतः केलेली आहे. इम्प्रूव्ह जाळ्यातील नमुना दर तिसऱ्या दिवशी, स्थानिक मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत, चोवीस तास हवा ओढून घेतला जातो. हिस्प्लिट मात्र सगळा कारभार जागतिक प्रमाणवेळेत करते. सुरुवातीला मी स्थानिक तासच भरले आणि प्रत्येक रेषा पाच-सहा तास आधीच्या हवेची निघाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मी दुपारची एकच रेषा काढत होते. चोवीस तासांच्या नमुन्यात वारा दोनदा दिशा बदलू शकतो, आणि दुपारच्या रेषेला रात्री येऊन गेलेल्या लोटाची गंधवार्ताही नसते. ते सगळे काम मला पुन्हा करावे लागले, आणि पहिल्या फेरीत संशयित ठरवलेला प्रदेश दुसऱ्या फेरीत बाजूला पडला.

या तिन्ही गोष्टी नीट केल्या तरी रेषेत अनिश्चितता उरतेच. प्रयोगशाळेचे स्वतःचे मार्गदर्शन असे आहे की एकूण चूक प्रवासाच्या अंतराच्या १५ ते ३० टक्के धरावी. हा आकडा ते लपवत नाहीत, ही कौतुकाची गोष्ट आहे; पण त्याचा अर्थ प्रत्येक वाचकाने स्वतः करून पाहायला हवा. पाच दिवसांत २१६० किलोमीटर आलेल्या हवेच्या बाबतीत ही चूक सव्वातीनशे ते साडेसहाशे किलोमीटर भरते. ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो यांच्यातील सरळ अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे पाचव्या दिवसाचे टोक ह्यूस्टनवर पडले म्हणून ह्यूस्टनला जबाबदार धरणे, हा त्या रेषेवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकणे होय.

हिस्प्लिटमधील मला सर्वांत आवडणारी सोय याच ठिकाणी उपयोगी पडते, आणि तिचा वापर फार कमी होताना दिसतो. ‘एन्सेम्बल’ निवडले की मॉडेल हवामानाच्या डेटाला आडव्या दिशेने एका जाळीघराने आणि उभ्या दिशेने साधारण अडीचशे मीटरांनी सरकवून एकाच क्षणाच्या २७ रेषा काढते. एखाद्या दिवशी त्या सत्तावीसही रेषा एका जुडीसारख्या एकत्र येतात, तेव्हा मार्गाबद्दल बऱ्याच विश्वासाने बोलता येते. दुसऱ्या दिवशी त्या पंख्यासारख्या पसरतात. काही मेक्सिकोच्या आखातावर जातात, काही उत्तरेला मैदानांत शिरतात, आणि त्या दिवसाबद्दल गप्प राहणेच प्रामाणिक ठरते. दुसरी दुर्लक्षित सोय म्हणजे रेषेच्या प्रत्येक टप्प्यावरचा पाऊस, सापेक्ष आर्द्रता आणि मिश्रण-थराची, म्हणजे जमिनीलगतची हवा ज्यात घुसळली जाते त्या थराची, उंची नोंदवण्याची. मोठ्या केंद्रावरून येऊनही नमुन्यात सल्फेट का नव्हते, याचे उत्तर मला अनेकदा या पावसाच्या रकान्यात मिळाले आहे. रेषा केंद्रावरून गेली, पण मिश्रण-थराच्या कितीतरी वरून गेली, हेही याच नोंदीवरून कळते. तशा रेषेला त्या धुराड्याचा धूर लागलेलाच नसतो.

एका दिवसाच्या रेषेवरून स्रोत ठरत नाही, म्हणून शेकडो रेषांची सांख्यिकी करावी लागते. नकाशावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीतून किती रेषा गेल्या ते मोजायचे, आणि त्यांपैकी किती रेषा जास्त सल्फेटच्या दिवसांच्या होत्या त्याचे प्रमाण काढायचे, ही मूळ कल्पना. या विचाराची एक प्रारंभीची मांडणी १९८५ साली ग्रँड कॅन्यनमधील गंधकाच्याच नोंदींवर झाली. पुढे ती पीएससीएफ या नावाने जगभर पसरली. हिस्प्लिटच्या फायली घेऊन हे गणित करणारे फुकट प्रोग्रॅम आहेत; आरमधील ओपनएअर मी वापरते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पद्धतीची मर्यादा मात्र प्रत्येकाने ओळखली पाहिजे. खऱ्या स्रोताच्या पुढच्या आणि मागच्या, त्याच वाटेवरच्या चौकटीही रंगून निघतात, कारण त्याच रेषा त्यांच्यावरूनही गेलेल्या असतात. बिग बेंडच्या बाबतीत पूर्वेकडील औद्योगिक राज्यांतून निघालेली हवा टेक्सास ओलांडून, कार्बोनच्या परिसरावरून, नदीच्या खोऱ्याने वर येऊ शकते. तिघांपैकी कोणाचे किती, हे चौकटींचे प्रमाण सांगू शकत नाही. ते फक्त वाट दाखवते.

या प्रश्नाची अत्यंत कसून तपासणी झाली ती १९९९ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये, ब्राव्हो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात, आणि हिस्प्लिट वापरणाऱ्या प्रत्येकाने तो अभ्यास समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. ईगल पास, सॅन अँटोनियो, ह्यूस्टन आणि ईशान्य टेक्सास अशा चार ठिकाणांहून निसर्गात जवळजवळ न आढळणारे परफ्लुरोकार्बन वायू सोडले गेले आणि ते बिग बेंडमध्ये कधी आणि किती पोचतात हे मोजले गेले. ईगल पास हे कार्बोनपासून जवळच, नदीच्या अमेरिकेकडील बाजूला आहे, म्हणून तिथून सोडलेला वायू कार्बोनच्या धुराच्या जागी धरता येत होता. कोणत्या मॉडेलला आणि कोणत्या वाऱ्याच्या डेटाला त्या वायूंची खरी वाट सापडते, हे त्यामुळे पारखता आले. अनेक पद्धती शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांचे आकडे जुळले नाहीत, वाऱ्याचा डेटा बदलला की मार्गरेषांवर आधारलेले वाटप बदलते हेही दिसले, आणि मग मोजमापांच्या आधारे मॉडेलांचे झुकाव दुरुस्त करून निष्कर्ष काढले गेले. त्यांत कार्बोन हा सर्वांत मोठा एकटा स्रोत निघाला, सरासरी सल्फेटच्या पंचमांशाच्या आसपास. आणि सर्वाधिक धूसर दिवसांपैकी काही दिवशी पूर्व अमेरिकेचा वाटा बराच वाढलेला आढळला. म्हणजे सरासरी दिवसाचा दोषी आणि सर्वांत वाईट दिवसाचा दोषी एकच नव्हता. एका रंगीत रेषेवरून हे कधीही कळले नसते. आणि एवढ्या खर्चिक प्रयोगातही एक मर्यादा होतीच: सोडलेला वायू ना बदलतो, ना पावसात धुतला जातो, त्यामुळे त्याने वाहतुकीची परीक्षा घेतली, रसायनाची नाही.

रसायनाचा विषय निघालाच आहे, तर हिस्प्लिटवरील माझा मुख्य आक्षेप इथे मांडते. मार्गरेषेखेरीज त्यात हजारो कण सोडून संहती, म्हणजे हवेतील प्रदूषकाचे प्रमाण, काढण्याची दुसरी रीत आहे, आणि तिच्यात एका प्रदूषकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचा तयार पर्याय आहे. तो निवडला की रूपांतर ताशी १० टक्के या ठरावीक दराने होते. निरभ्र हवेतील सल्फर डायऑक्साइडसाठी हा दर सुमारे दसपट आहे. ढगातल्यासाठी तो कमीही पडू शकतो. आणि दिवस-रात्र, ऋतू, आर्द्रता यांपैकी कशानेच तो आपोआप बदलत नाही. वेगळी फाइल देऊन दर आणि वस्तुमानाचा गुणक स्वतः ठरवता येतो. सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४ आणि सल्फेटचा ९६ असल्याने तो गुणक दीड ठेवावा लागतो. हे मार्गदर्शिका वाचणाऱ्याला जमते. पण जो वाचत नाही त्याचे सल्फेट धुराड्याजवळच तयार होऊन जाते, आणि नकाशा जवळच्या स्रोतांना नाहक जास्त दोष देतो. हा पर्याय निवडताना पडद्यावर ठळक सूचना यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना वाटणीचे आकडे द्यायचे आहेत, अमुक राज्याचे इतके टक्के आणि तमुक केंद्राचे इतके, त्यांनी हिस्प्लिटवर थांबू नये. त्यासाठी पूर्ण रसायन असलेली, जाळीवर चालणारी मॉडेले आहेत: कॅमेक्स, ज्यात पीसॅट नावाची सोय प्रत्येक स्रोतगटाच्या गंधकाला जणू वेगळी खूणचिठ्ठी लावून शेवटपर्यंत त्याचा हिशोब ठेवते, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे सीमॅक, ज्यात हेच काम आयसॅम करते. ढगातील रूपांतर, अमोनियाची उपलब्धता, पावसाने धुणे, सगळे त्यांत येते. त्यासाठी उत्सर्जनाची तपशीलवार सूची, मोठा संगणक आणि जाणकार माणसांचा गट लागतो. एकट्याने सुटीच्या दिवशी करण्याचे हे काम नव्हे. शिवाय उत्सर्जनाची सूची चुकीची असेल तर ही मॉडेलेही चुकीचे उत्तर तितक्याच ठामपणे देतात, आणि सीमेपलीकडील केंद्रांच्या बाबतीत हा धोका खरा असतो. याच्या अगदी उलट टोकाला क्यू-भागिले-डी ही सर्वांत सोपी चाळणी आहे: वर्षाचे टन भागिले किलोमीटर. तिला वाराच ठाऊक नाही. हिस्प्लिटची खरी जागा या दोन टोकांच्या मधली आहे. रेषांनी प्रत्येक चौकटीत घालवलेला वेळ त्या चौकटीतील उत्सर्जनाने गुणला आणि अंतराने भागला की कोणती केंद्रे मोठ्या मॉडेलमध्ये वेगळी तपासावीत याची एक समंजस यादी हाती येते. आग्नेय अमेरिकेतील राज्यांनी प्रादेशिक धूसरतेच्या दुसऱ्या टप्प्यातील आराखड्यांसाठी याच धर्तीची पद्धत वापरली, आणि मला ती हिस्प्लिटची सर्वांत योग्य नेमणूक वाटते.

एका परिस्थितीत मात्र हे साधन हाती घेऊच नये. ग्रँड कॅन्यनमध्ये हिवाळ्यात थंड हवा दरीत साचून राहते आणि धूसरपणा दरीच्या काठाखाली कोंडतो. उद्यानाच्या सीमेपासून तीस किलोमीटरच्या आत असलेल्या नवाहो औष्णिक केंद्राचा त्यात किती हात आहे, यावर १९८७ च्या व्हाइटेक्स प्रयोगापासून मोठा वाद झाला. अखेर १९९१ साली केंद्राचे सल्फर डायऑक्साइड ९० टक्क्यांनी घटवण्याचे ठरले, १९९९ पर्यंत धूर धुण्याची यंत्रे बसली आणि २०१९ साली केंद्रच बंद झाले. दरीतल्या त्या कोंडलेल्या हवेला १२ किलोमीटरच्या जाळीतही जागा नाही. अशा ठिकाणची उलटी मार्गरेषा सुंदर दिसते आणि तिच्यावरून काहीही सिद्ध होत नाही. तिथे ब्राव्होत सोडले तसे खूणवायू आणि दाट मोजमापेच हवीत.

आणखी एक गोष्ट आता नव्याने वापरू लागलेल्यांसाठी सांगावीशी वाटते. १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर अमेरिकेतील वीज-केंद्रांचे सल्फर डायऑक्साइड उत्सर्जन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले आहे, त्यामुळे ग्रेट स्मोकी पर्वतासारख्या ठिकाणी सल्फेटचे प्रमाण पूर्वीच्या मानाने फार खाली आले आहे. पश्चिमेत सर्वांत धूसर दिवस आता अनेकदा वणव्यांच्या धुराचे असतात. म्हणूनच २०१७ च्या सुधारित नियमाने ‘सर्वांत धूसर’ दिवसांऐवजी ‘मानवी प्रदूषणाने सर्वांत बाधित’ दिवसांवर भर दिला. जुन्या सवयीने फक्त सर्वांत धूसर दिवस निवडून त्यांच्या रेषा काढल्या, तर वणव्याचा माग काढून त्याला सल्फेटचा स्रोत म्हणण्याची वेळ येते. दिवस निवडताना एकूण धूसरपणा न पाहता सल्फेटचा रकाना पाहावा, आणि तितकेच स्वच्छ दिवसही घ्यावेत. दोन्हींच्या नकाशांमधील फरक हेच खरे उत्तर असते. वारा नेहमीच ज्या दिशेने येतो ती दिशा दोन्ही नकाशांत दिसते आणि वजाबाकीत नाहीशी होते.

गुण द्यायचेच तर हवेची वाट शोधण्यासाठी मी हिस्प्लिटला पाचपैकी पाच देईन, संशयितांची यादी करण्यासाठी चार, आणि सल्फेटची टक्केवारीने वाटणी करण्यासाठी दोन. शेवटच्या दोन गुणांतला एक गुण उलट दिशेने कण सोडून मोजणीच्या ठिकाणाचा प्रभावप्रदेश काढण्याच्या सोयीसाठी आहे; एका रेषेपेक्षा तो पसरलेला डाग कितीतरी प्रामाणिक असतो, आणि स्टिल्ट या भावंड-मॉडेलची वैशिष्ट्ये अलीकडे हिस्प्लिटमध्ये सामावल्याने हे काम अधिक चांगले होऊ लागले आहे. पुढच्या आवृत्तीत माझी एकच मागणी असेल: रेडीवर मार्गरेषा मागणाऱ्याला सुरुवातीलाच २७ रेषांची जुडी दिसावी, आणि एकच रेषा हवी असेल तर ती त्याला वेगळा पर्याय निवडून मागावी लागावी.